शोधशब्द

वेळीची आन्सेल्मा रिबेलो दुपारी दोनला माझ्या टेबलाशी येते,
पंखा तिच्या कागदाचा कोपरा उचलून पाहतो.
विषय : तारवट्यांची मुलं, वय तीन ते सहा.
'दीड तास शोधतेय मॅडम, काहीच येत नाही.'
मी बघते, पांढऱ्या चौकटीत तिने काय लिहिलंय :
बाबा बोटीवर.

मी हसत नाही.
एकवीस वर्षं झाली मला ताळगावच्या या पठारावर,
लोक घरातलंच वाक्य घेऊन येतात आधी.
पण यंत्राला बाबा कळत नाही,
त्याला कळते पित्याची अनुपस्थिती.
दोन्ही शब्द अवतरणात घाल, मी सांगते,
मध्ये 'आणि' टाक. आता 'किंवा' घालून बघ. खलाशी, दर्यावर्दी,
स्थलांतरित कुटुंब.
शेवटी एक तारा ठेव,
म्हणजे शब्दाचं शेपूट कसंही वळलं तरी हाती लागतं.

चार हजार एकशे बारा.
पहिल्या पानावर युद्धावर गेलेले बाप,
तुरुंगातले, घटस्फोटातले, मेलेले.
'पण माझे येतात ना,' ती म्हणते.
'नऊ महिन्यांनी. चॉकलेटं घेऊन.
माडांना आळी करतात, गेटाला रंग काढतात,
आणि धाकटा पहिले दोन दिवस त्यांना अंकल म्हणतो.'

येत राहणाऱ्या बापाला शब्द नाही.
साडेतीनला मनिलाकडचा एक लेख सापडतो :
सारांश फुकट, पुढचं एकोणचाळीस डॉलर.
बाईंना सरळ पत्र लिही, मी म्हणते, पाठवतात.
लिहिणाऱ्याला कोणी विचारलेलं हवंच असतं.
आणि हे वाचून झालं की त्याची संदर्भयादी धर,
ओहोळाच्या काठाने वर चढावं तशी एकेक चढत जा.
तिने ओहोळ लिहून घेतला. बहुतेक तेवढाच.

पाचला वाचनकक्ष रिकामा.
आग्नेल खिडक्या लावत फिरतोय, एक नेहमीसारखी अडते.
चौकटीत रेघ उघडझाप करतेय,
आणि मी सहज म्हणून लिहिते : बहीण.
खोडते.
भावंड आणि आजीवन काळजी.
थांबते. मग : आईवडिलांच्या पश्चात.

दोनशे चौदा.
गेल्या पाच वर्षांतले, एकसष्ट.
पूर्ण मजकूर मिळेल असे, नऊ.

इतकी वर्षं मी लोकांना वाट दाखवतेय
आणि मला ठाऊक नव्हतं, मीही एक अभ्यासक्षेत्र आहे.
अविवाहित थोरल्या बहिणी, पंचेचाळीस ते साठ.
नमुना : अठरा.
उत्तरदात्री क्रमांक सात म्हणते,
'मी कुठेही असले तरी माझं घड्याळ घरीच असतं.'
मी पडद्याचा उजेड कमी केला,
पाठीमागे कोणी नव्हतं तरी.

मर्यादा या मथळ्याखाली लिहिलं होतं :
भावांशी बोलता आलं नाही.

डिचोलीची बस पुलावर रखडते,
खाली कॅसिनोंचे दिवे मांडवीत विरघळत नाहीत, तरंगतात.
नऊपैकी एक लेख छापून पिशवीत आहे,
भेंडी, औषधं आणि लेख.

रोहिदास दारातल्या सोप्यावर बसलेला,
वय एक्कावन्न, शर्टाची बटणं बरोबर लावलेली, आज.
खनिजाचे ट्रक होते तेव्हा तो ट्रक मोजायचा,
दिवसाला सातशे-आठशे, धुळीत, न चुकता.
ते थांबले त्या वर्षी आठ दिवस जेवला नाही.
(हे कुठल्या लेखात असेल, कुठल्या शब्दाखाली?)
आता येईल ते मोजतो.

'एक्केचाळीस,' तो सांगतो, मी चपला काढायच्या आत.
मी त्याला विचारते, धंद्याची सवय,
काय काय धरलंस त्यात?
'बस. दुधाची गाडी. पात्रांवाचा पाडा,
दोनदा गेला, दोनदा धरला.'
मग माझ्या पिशवीकडे बघत :
'आणि तू.'